कम्युनिटी कॉलेजात हॉटेल आणि पर्यटन शिकताय? आधी खोली शिका

बारावीचा निकाल लागला की साताऱ्यात हा प्रश्न हमखास कानावर येतो: "पोराला हॉटेल मॅनेजमेंटला घालावं म्हणतोय, कसं काय?" विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा उंच पांढरी टोपी घातलेला शेफ असतो. स्वयंपाकघर महत्त्वाचं आहेच. पण लॉजचा आणि हॉटेलचा खरा नफा खोल्यांतून येतो आणि तो टिकतो हिशोबाच्या वहीत. वर्षा-दोन वर्षांच्या कोर्सला जाणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच मनाशी पक्कं करावं, म्हणजे वेळ कुठे घालायचा ते कळतं.

आधी कोर्सची रचना समजून घ्या. आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज म्हणजे वेगळी इमारत नसते. चालू महाविद्यालयातच यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) योजनेखाली सर्टिफिकेट, डिप्लोमा, ॲडव्हान्स्ड डिप्लोमा असे कौशल्याचे वर्ग भरतात. २०१४ पासून त्याच धर्तीवर बी.व्होक. ही व्यवसायशिक्षणाची पदवी आली. एक वर्ष पुरं केलं की डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. मूळ आराखड्यात वर्षाला ६० क्रेडिट धरले आहेत, त्यांतले ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य शिक्षणाचे. म्हणजे निम्म्याहून जास्त शिक्षण हाताने व्हायला हवं. 'कमवा आणि शिका' ज्या मातीत रुजलं त्या जिल्ह्यात ही कल्पना परकी वाटू नये.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन चार गोष्टी डोळ्यांनी बघा. प्रॅक्टिकलच्या स्वयंपाकघरात शेगड्या किती आणि एका तुकडीत मुलं किती? वीस मुलं आणि पाच शेगड्या असतील तर एका शेगडीवर चौघं, त्यात एकजण ढवळतो आणि तिघं बघतात. अशा ठिकाणी आठवड्याला एकच प्रॅक्टिकल असेल तर वर्षभरात तुमच्या हातात पळी फार थोड्या वेळा येईल. सरावासाठी खरा पलंग, खरं बाथरूम आहे का? फ्रंट ऑफिससाठी, म्हणजे पाहुण्यांच्या नोंदीच्या काउंटरसाठी, संगणकावर बुकिंगचं सॉफ्टवेअर आहे का, की नुसतं फळ्यावर शिकवतात? आणि प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं मिळणार? जिल्ह्यात शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं आहेत, आणि २०२१ पासून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे. 'सरकारमान्य' एवढ्या शब्दावर समाधान मानू नका, विद्यापीठाचं पत्र दाखवा म्हणा. फी भरणाऱ्याला तो हक्क आहे.

आता खोली.

चेकआउट झालेली खोली पुन्हा विकण्याजोगी करायला सरावलेल्या माणसाला पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. आठ तासांच्या पाळीत साधारण चौदा ते सोळा खोल्या. नवशिका मुलगा पहिल्या आठवड्यात एका खोलीला तासभर घेतो, आणि त्याचं कारण आळस नसतं, कामाचा क्रम चुकलेला असतो. योग्य क्रम असा: दारावर टकटक करून "हाउसकीपिंग" म्हणायचं, थांबायचं, पुन्हा एकदा म्हणायचं, मग दार उघडायचं. पडदे सारून खिडक्या उघडायच्या. कचरा आणि वापरलेल्या चादरी-टॉवेल बाहेर काढायचे. चादर झटकून बघायची, कारण मोबाइल, चार्जर, कानातले तिच्यातच गुंडाळून लाँड्रीला जातात. मग लगेच कमोडमध्ये औषध टाकून ठेवायचं. त्याला डाग सोडवायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं तुम्ही पलंग लावण्यात घालवता. पलंग झाल्यावर बाथरूम, त्यानंतर धूळ पुसणं, शेवटी फरशी. धूळ पलंगानंतरच, कारण चादर झटकली की तंतू उडून टेबलावर बसतात. पुसायला दारापासून सुरुवात करून एका दिशेने, वरून खाली. फरशी आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे सरकत.

पलंग जरा जवळून बघू. गादी ७२ बाय ७८ इंच आणि आठ इंच जाडीची धरा. रुंदीत ७२ आणि दोन्ही बाजूंचे आठ-आठ, म्हणजे ८८ इंच गादी झाकण्यातच गेले. १०८ इंचांच्या चौरस चादरीचे २० इंच उरले, म्हणजे दोन्हीकडे दहा-दहा इंच गादीखाली खोचायला. लांबीत ७८ आणि १६, म्हणजे ९४. उरले १४, दोन्ही टोकांना सात-सात. सुती चादर गरम पाण्याच्या धुलाईत पाच टक्के आटली तर १०८ ची १०३ च्या आसपास होते, आणि लांबीत खोचायला जेमतेम साडेचार इंच राहतात. बऱ्याच लॉजवर सकाळी चादर कोपऱ्यातून निघालेली दिसते ती यामुळे. रूमबॉयला बोलणी बसतात, चूक मात्र चादर विकत घेताना माप न घेणाऱ्याची असते. त्यात घरगुती ९० बाय १०० ची चादर आणली तर कितीही ओढा, बसणार नाही.

कोपरा असा बांधायचा: पायाकडची कड आधी पूर्ण खोचा. कोपऱ्यापासून साधारण फूटभर अंतरावर बाजूची लोंबती कड धरून वर उचला, गादीवर तिचा त्रिकोण होईल. त्रिकोणाखाली लोंबणारा भाग खोचा. मग एक हात गादीच्या कडेला दाबून ठेवत त्रिकोण खाली सोडा आणि तोही खोचा. कोपऱ्यावर ४५ अंशांची तिरकी घडी दिसली पाहिजे. हात न दाबता त्रिकोण सोडला की घडी सैल होते आणि पाहुणा कुशीवर वळला की सुटते. अंगावरची चादर उलटी बाजू वर करून अंथरायची, म्हणजे उशाशी ब्लँकेटवर दुमडल्यावर सुलटी बाजू दिसते. अभ्र्याचं तोंड दाराच्या विरुद्ध दिशेला. हे सगळं पलंगाभोवती एकच फेरा मारत करायचं. एक बाजू पूर्ण, मग दुसरी. इकडून तिकडे चार वेळा पळणारा दुपारी दोनलाच दमतो.

साफसफाईच्या औषधांना हॉटेलात आर-१ ते आर-६ अशी नावं आहेत: आर-१ बाथरूमला, आर-२ फरशी आणि इतर पृष्ठभागांना, आर-३ काचेला, आर-४ लाकडी फर्निचरला, आर-५ खोलीच्या वासाला, आर-६ कमोडला. परीक्षेत हे विचारतातच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आर-६ आम्ल असतं. ते संगमरवरावर सांडलं तर चकाकी कायमची जाते. आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. दोन औषधं कधीच एकत्र करायची नाहीत. 'जास्त स्वच्छ होईल' म्हणून तर मुळीच नाही. कमोडचं फडकं वेगळ्या रंगाचं असावं आणि ते बेसिनला लागता कामा नये.

महाबळेश्वर-पाचगणीत नोकरी करायची असेल तर आणखी एक हिशोब शिका: चादरींचे संच. पुस्तकात किमान तीन संच सांगतात, एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. जून ते सप्टेंबर तिथे धुकं आणि पाऊस इतका असतो की दोरीवर काही वाळतच नाही. ड्रायर नसेल तर पाच संच लागतात. ओलसर चादर घडी घालून कपाटात ठेवली की दोन दिवसांत तिला कुबट वास येतो आणि नंतर काळे ठिपके पडतात. ते ठिपके बुरशीचे असतात आणि धुऊनही नीट जात नाहीत. रिकाम्या खोल्यांतही गादी भिंतीपासून सुटी ठेवणं, कपाटाची दारं उघडी ठेवणं, उघडीप मिळाली की अर्धा तास खिडक्या उघडणं हे रोजचं काम आहे. वरून कितीही अत्तर फवारलं तरी कुबट वास दबत नाही.

स्वयंपाकघरात बहुतेक मुलं सुरी चालवण्याकडे लक्ष देतात. ज्युलियन, ब्रुनॉइज असे भाजी चिरायचे प्रकार, सगळं यावं. मात्र हॉटेल बंद पडण्याची पाळी येते ती अन्न थंड करण्यातल्या चुकीने, आणि ते शिकवायला वर्गात फार कमी वेळ देतात. ५ ते ६० अंश सेल्सियस हा जंतू झपाट्याने वाढण्याचा पट्टा. वीस लिटर आमटीचं पातेलं रात्री साडेनऊला गॅसवरून उतरवून तसंच झाकून ठेवलं, तर वरून गार वाटलं तरी मध्यभागी ती पहाटेपर्यंत कोमट राहते. उकळताना न मेलेले बीजाणू त्या कोमट भागात रुजतात. भातात बॅसिलस सेरियस हा जंतू असाच वाढतो. त्याचं विष पुन्हा गरम केलं तरी नष्ट होत नाही, म्हणून उरलेला भात सकाळी फोडणीला टाकून भागत नाही.

योग्य रीत: ६० अंशांवरून २१ वर दोन तासांच्या आत, आणि तिथून पुढच्या चार तासांत ५ वर. त्यासाठी पातेलं रिकामं करा. आमटी दोन इंच उंचीपर्यंतच पसरट परातींत ओता, पराती बर्फाच्या पाण्यात ठेवा, दर दहा मिनिटांनी ढवळा. गार झाल्यावर फ्रिजमध्ये, सैल झाकण, वर तारीख आणि वेळ. गरम पातेलं थेट फ्रिजमध्ये ढकललं तर आतलं दूध-पनीरही गरम होतं, आणि आमटी तरीही वेळेत गार होत नाही. पुन्हा गरम करताना मध्यभागी ७५ अंश, आणि एकदाच.

थर्मामीटर तपासण्याबद्दल डोंगरावर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 'उकळत्या पाण्यात १०० दाखवायला हवं' हे समुद्रसपाटीचं गणित आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे १०० वर आणायला म्हणून काटा फिरवलात तर चांगलं थर्मामीटर बिघडवाल आणि पुढे प्रत्येक भांडं चार-पाच अंशांनी जास्त गरम असल्याचा भास होईल. तपासणी बर्फाच्या चुऱ्यात करावी. शून्य सगळीकडे शून्यच असतं. वरच्या हॉटेलांत उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ जास्त लागतो तोही याच कारणाने.

आता ताटाची किंमत. कराड-इस्लामपूरकडचा अख्खा मसूर घेऊ. दहा प्लेटसाठी, हिशोबापुरते भाव धरून: मसूर ५०० ग्रॅम ५० रुपये, कांदा ४५० ग्रॅम १३.५०, टोमॅटो २५० ग्रॅम १०, तेल १५० मिली २२.५०, सुकं खोबरं ६० ग्रॅम १८, आलं-लसूण-कोथिंबीर १६, मसाला-मीठ १५. बेरीज १४५. पाच टक्के नासधूस धरली की १५२, म्हणजे प्लेटला १५ रुपये. दोन भाकरी, कांदा, लिंबू यांचे ९ धरून २४. प्लेट १२० ला विकली तर फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या किमतीतला साहित्याचा वाटा, २० टक्के. आता मटण ताट: मटण, रस्सा, भाकरी, भात मिळून साहित्य १६५ रुपयांचं आणि विक्री ३५० ला. फूड कॉस्ट ४७ टक्के. वर्गात शिकवतात की ३० ते ३५ टक्क्यांत राहा, म्हणून मुलं मटण ताट 'तोट्यातलं' ठरवून मोकळी होतात. पण मसुराच्या प्लेटमागे हातात राहतात ९६ रुपये आणि मटणाच्या ताटामागे १८५. भाडं, पगार, गॅस हे रुपयांत द्यायचे असतात. टक्केवारी चोरी आणि नासधूस पकडायला चांगली. मेनूत काय ठेवायचं ते रुपयांवरून ठरवा. आणि साहित्याचं वजन नेहमी सोललेलं-चिरलेलं धरा. दहा किलो कांद्यातून साल-देठ काढून साधारण नऊ किलोच हाताला लागतो, तो एक किलोही तुम्ही विकतच घेतलेला असतो.

सर्व्हिसचं थोडक्यात सांगतो, कारण ते सरावाने पटकन येतं. एका माणसाला टेबलाची २४ इंच रुंदी, काटा डावीकडे, सुरी उजवीकडे धार आत करून, पाण्याचा ग्लास सुरीच्या टोकापाशी. ताटली आधीच वाढलेली असेल तर उजवीकडून ठेवा, भांड्यातून वाढायचं असेल तर डावीकडून, पेयं उजवीकडून. केओटीच्या, म्हणजे किचनला द्यायच्या ऑर्डरच्या चिठ्ठीच्या, तीन प्रती: एक किचनला, एक कॅशियरला, एक स्वतःकडे. तोंडी ऑर्डर किचनला सांगून 'केओटी नंतर देतो' म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. बिलात न आलेला पदार्थ त्या एका वाक्यातून सुटलेला असतो.

फ्रंट ऑफिसमध्ये हसतमुख असणं एवढंच काम आहे असं समजू नका. चोवीस खोल्यांचं हॉटेल. काल अठरा खोल्या २,५०० ने गेल्या: उत्पन्न ४५,०००, ऑक्युपन्सी (भरलेल्या खोल्यांचं प्रमाण) ७५ टक्के, सरासरी दर २,५००, आणि उपलब्ध खोलीमागे उत्पन्न ४५,००० भागिले २४, म्हणजे १,८७५. हाच शेवटचा आकडा रेव्हपार. मालक म्हणतो दर २,००० करा, हॉटेल भरेल. बावीस खोल्या गेल्या, ऑक्युपन्सी ९२ टक्क्यांच्या घरात, सगळे खूश. उत्पन्न मात्र ४४,०००. शिवाय वाढलेल्या चार खोल्यांचा धुलाई, वीज, नाश्ता असा खोलीमागे ३५० रुपये खर्च धरला तर आणखी १,४०० गेले. भरलेलं हॉटेल आणि रिकामा गल्ला एकाच दिवशी असू शकतात, हे ज्याला कागदावर मांडून दाखवता येतं त्याला मालक सोडत नाही.

जुन्या नोट्स वापरणाऱ्यांनी जीएसटी दुरुस्त करून घ्यावा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे, पूर्वीचे १२ नाहीत. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. साताऱ्यात असा पाहुणा महिन्यातून एखादाच येतो, म्हणून विसर पडतो.

पर्यटनाच्या भागात आपल्या जिल्ह्याइतकी चांगली प्रयोगशाळा शोधून मिळायची नाही. कासचं पठारच घ्या. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारसा दर्जा मिळाला. पाहुण्यांना 'फुलं बघा' म्हणून सोडून देणारा गाइड आणि पठाराचं गणित उलगडून सांगणारा गाइड यांत फार फरक आहे. खाली जांभा दगड, त्यावर मातीचा पातळ थर, पावसात पाणी साचतं, मुळांना खोल जायला जागा नाही, म्हणून मोठी झाडं उभी राहत नाहीत आणि वीतभर उंचीच्या रोपांना रान मोकळं मिळतं. मातीत नत्र कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती कीटक पकडून ती उणीव भरून काढतात. तेरडा, सोनकी, कवला दरवर्षी दिसतात. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तेव्हा 'यंदा निळं पठार दिसेल' असं वचन दरवर्षी देऊ नका. फोटोसाठी एकजण फुलांत बसला की ती पातळ माती दबते आणि पुढच्या वर्षी तिथे टक्कल दिसतं. हे कारण सांगितलं तर लोक ऐकतात, नुसतं 'बसू नका' म्हटलं तर नाही. हंगामात प्रवेशाचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं आणि बहर पावसावर ठरतो, म्हणून तारीख छापण्याआधी पठारावरच्या माणसाला फोन करावा.

सहलीचा दर काढताना नवशिके एकच चूक करतात: गाडी भरेल असं धरतात. सोळा पाहुण्यांची टेम्पो ट्रॅव्हलर, कास-बामणोली एक दिवस. गाडी, चालक, पार्किंग ७,५००, गाइड १,५००, म्हणजे ९,००० रुपये ठरलेला खर्च. माणशी नाश्ता, जेवण, प्रवेश, बोट मिळून ५५० धरा. सोळा जण धरले तर माणशी १,११२ येतात. तुम्ही १,३०० लावले आणि आले दहाच जण. तेव्हा खर्च माणशी १,४५० होतो आणि दिवसाअखेर १,५०० रुपयांचा खड्डा. दर अकरा माणसांवर काढा: ८१८ अधिक ५५० म्हणजे १,३६८, वर पंधरा टक्के, साधारण १,५७५. या दराने नऊजण आले तरी पदरचे जात नाहीत. नऊच्या खाली बुकिंग राहिलं तर किती दिवस आधी रद्द करणार आणि पैसे कसे परत करणार, हे जाहिरातीतच लिहा.

शेवटी ट्रेनिंग, कारण कॉलेजचं वेळापत्रक इथेच सगळ्यात जास्त चुकतं. महाबळेश्वरचा जोर दिवाळी, नाताळ आणि एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाठवलेली मुलं बऱ्याच रिकाम्या खोल्या बघून परत येतात. त्याउलट ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला कासमुळे सातारा शहरातल्या खोल्या शनिवार-रविवारी मिळत नाहीत. ट्रेनिंगची तारीख या दोन हंगामांना जुळवून मागा. करारात हाउसकीपिंग, किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस या चारही विभागांचे आठवडे लिहून घ्या, नाहीतर बॅन्क्वेटला (समारंभाच्या जेवणावळीला) माणूस कमी पडला की तीन महिने ताटंच उचलावी लागतात. काळे, चामड्याचे, न घसरणारे बूट अर्धा नंबर मोठे घ्या, कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. लॉगबुक रोज रात्री भरा: किती खोल्या, किती मिनिटं, काय चुकलं, कुणी दाखवलं. सुपरवायझरची सही त्याच आठवड्यात घ्या. हंगाम संपला की तो दुसऱ्या हॉटेलात गेलेला असतो.